स्पिनची गोष्ट : काय सांगितले, काय गाळले

स्पिन इलेक्ट्रॉनिकी या विषयावरचे लोकप्रिय लेख आपण वाचले असतील. काही शिक्षकांनी त्यांवरून वर्गात बोलूनही पाहिले असेल. या लेखांची ठेवण बहुधा ठरलेली असते. इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरतो. १९८८ साली दोन शास्त्रज्ञांना एक अजब परिणाम सापडला. दहा वर्षांत तो घरोघरच्या संगणकात पोचला. आणि आता विद्युतप्रभाराऐवजी स्पिनवर चालणारी, न तापणारी, वीज न खाणारी यंत्रे येऊ घातली आहेत. अलीकडे याला एक शेपूट जोडले जाते. हवेतल्या रेडिओलहरी टिपणारे, केसाच्या जाडीच्या शतांशाहूनही लहान संवेदक येणार आणि बॅटरीची गरजच उरणार नाही.

या गोष्टीत सरळ खोटे असे थोडेच आहे. पण जे गाळले जाते, त्यामुळे उरलेल्याचा अर्थ बदलतो. या क्षेत्रात काम करणारे म्हणून आम्हाला ही मांडणी तपासून पाहावीशी वाटते. ती वाचून विद्यार्थी विज्ञानाविषयी मत बनवतात, काही जण पुढचा अभ्यासक्रमही निवडतात. त्यांच्या प्रश्नांना उत्तर देण्याची वेळ शेवटी येते ती शिक्षकांवर.

भोवरा

पहिले वाक्य घेऊ. इलेक्ट्रॉन खरोखर भोवऱ्यासारखा फिरत असेल, तर त्याचा वेग काढता आला पाहिजे. अभिजात भौतिकीनुसार इलेक्ट्रॉनची त्रिज्या सुमारे २.८ × १०⁻¹⁵ मीटर धरतात. त्याचे वस्तुमान ९.१ × १०⁻³¹ किलोग्रॅम आणि स्पिनचा कोनीय संवेग सुमारे ०.५३ × १०⁻³⁴ जूल-सेकंद. भरीव गोळ्याचे सूत्र वापरून बारावीचा विद्यार्थीही हे गणित करू शकतो. विषुववृत्तावरील वेग येतो सेकंदाला सुमारे ५ × १०¹⁰ मीटर, म्हणजे प्रकाशवेगाच्या साधारण १७० पट! १९२५ साली ऊलेनबेक आणि गाउडस्मिट या दोन तरुणांनी स्पिनची कल्पना मांडली, तेव्हा ज्येष्ठ शास्त्रज्ञ लोरेन्ट्झ यांनी नेमका हाच आक्षेप घेतला होता. म्हणजे भोवऱ्याच्या चित्रातली अडचण पहिल्या दिवसापासून माहीत आहे. शंभर वर्षांनंतरही लेखांत तो भोवरा फिरतोच आहे.

मराठीत आणखी एक घोटाळा आहे. स्पिनला काही ठिकाणी 'परिवलन' म्हणतात. हाच शब्द मुले भूगोलात पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यासाठी शिकलेली असतात. त्यामुळे शब्द उच्चारताच चुकीचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. आमच्या मते 'स्पिन' हा परका शब्दच येथे बरा; निदान तो आधीचा अर्थ बरोबर घेऊन येत नाही.

मग सांगायचे काय? असे सांगावे की जसे वस्तुमान आणि विद्युतप्रभार, तसाच कोनीय संवेग हा इलेक्ट्रॉनचा अंगभूत गुण आहे, आणि त्यामुळे तो लहानशा चुंबकासारखा वागतो. १९२२ साली श्टेर्न आणि गेरलाख यांनी फ्रँकफुर्टमध्ये चांदीच्या अणूंचा झोत विषम चुंबकीय क्षेत्रातून सोडला. झोत पसरट होईल असे अभिजात भौतिकी सांगत होती; प्रत्यक्षात त्याचे दोन भाग झाले. कोणतीही दिशा निवडून मोजा, उत्तर दोनपैकी एकच येते. वर्गात दाखवायला ध्रुवणाच्या दोन काचा उपयोगी पडतात, मात्र एक फरक सांगायलाच हवा. प्रकाशाच्या बाबतीत काचा ९० अंशांत ठेवल्या की अंधार होतो. स्पिनच्या बाबतीत 'विरुद्ध' म्हणजे १८० अंश. हा फरक गाळला तर उपमा दिशाभूल करते. सांगितला तर तीच उपमा विषयाच्या गाभ्याशी नेते.

चमत्कार की शाळेतले मंडल?

दुसरे वाक्य 'अजब परिणामा'चे. १९८८ साली फ्रान्समध्ये अल्बेर फेर यांच्या गटाला आणि जर्मनीत युलिश येथे पेटर ग्रूनबेर्ग यांच्या गटाला स्वतंत्रपणे असे आढळले की लोह आणि क्रोमियमचे अतिशय पातळ थर एकावर एक रचले, तर चुंबकीय क्षेत्रात त्यांचा विद्युतरोध बराच घटतो. याला महाकाय चुंबकरोध म्हणतात. लेखांत येथे 'पुंजभौतिकीचा चमत्कार' असे म्हणून पुढे सरकतात. आमची तक्रार अशी, की या चमत्काराचे अर्धे स्पष्टीकरण दहावीच्या पुस्तकात आहे आणि तेच गाळले जाते.

चुंबकीय धातूत दोन जातींचे इलेक्ट्रॉन समांतर वाहतात असे समजा. ज्यांचा स्पिन थराच्या चुंबकत्वाशी जुळतो त्यांना रोध कमी, समजा १ ओहम. ज्यांचा जुळत नाही त्यांना जास्त, समजा १० ओहम. आता दोन थर घ्या. दोन्हींचे चुंबकत्व एकाच दिशेने असेल, तर एका जातीला १ + १ = २ ओहम आणि दुसरीला १० + १० = २० ओहम. हे दोन मार्ग समांतर जोडले की एकूण रोध सुमारे १.८ ओहम. थर परस्परविरुद्ध असतील, तर प्रत्येक जातीला १ + १० = ११ ओहम, आणि एकूण ५.५ ओहम. नुसती एका थराची दिशा उलटवल्याने रोध तिप्पट झाला. हे आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, पण युक्तिवाद खरा आहे. एका जातीला रोध कमी का, हे सांगायला पुंजभौतिकी लागते. पुढचे सारे ओहमच्या नियमाने होते.

दोन जातींच्या प्रवाहाची ही कल्पना नेव्हिल मॉट यांनी १९३६ साली मांडली होती. चुंबकत्वाने लोखंडाचा रोध थोडासा बदलतो, हे तर विल्यम टॉम्सन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांना १८५६ मध्येच दिसले होते. फेर यांनी स्वतः १९६० च्या दशकाच्या अखेरीस मॉट यांच्या कल्पनेवर निकेल आणि लोखंडाच्या मिश्रधातूंत काम केले. ग्रूनबेर्ग यांना १९८६ साली आढळले होते की क्रोमियमच्या पातळ थरापलीकडचे दोन लोहथर आपोआप परस्परविरुद्ध दिशा धरतात. हे सारे जुळल्यावर १९८८ चा शोध लागला. 'अचानक सापडले' म्हणणे हा त्या वीस वर्षांच्या कामावर अन्याय आहे.

दहा वर्षांची सरळ रेघ

'दहा वर्षांत प्रयोगशाळेतून घरात' हे वाक्य मूलभूत संशोधनाच्या बाजूने नेहमी पुढे केले जाते. आयबीएमने महाकाय चुंबकरोधावर आधारलेले वाचनशीर्ष असलेली हार्ड डिस्क १९९७ च्या अखेरीस बाजारात आणली, हे खरेच. फेर आणि ग्रूनबेर्ग यांना २००७ चे नोबेल पारितोषिकही मिळाले. पण मधली नऊ वर्षे कशात गेली?

फेर यांच्या नमुन्यात रोध जवळजवळ निम्मा झाला होता, तो उणे २६९ अंश सेल्सिअस तापमानाला आणि २ टेस्ला एवढ्या प्रचंड क्षेत्रात. ग्रूनबेर्ग यांच्या तीन थरांच्या नमुन्यात नेहमीच्या तापमानाला बदल होता फक्त सुमारे दीड टक्का. डिस्कवरच्या चिमुकल्या चुंबकांचे क्षेत्र यापुढे अगदीच नगण्य. शिवाय ते थर अतिनिर्वातात सावकाश वाढवलेले, म्हणजे खर्चिक. आयबीएममधील स्टुअर्ट पार्किन यांनी दाखवले की कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या कण-उडवणीच्या पद्धतीने बनवलेल्या थरांतही हा परिणाम मिळतो. त्यासाठी कित्येक धातूंच्या कितीतरी जोड्या तपासाव्या लागल्या. १९९१ च्या सुमारास तेथेच 'स्पिन झडप' तयार झाली. तिच्यात एका थराची दिशा शेजारच्या पदार्थाने जखडलेली असते आणि दुसरा थर अल्प क्षेत्रातही वळतो. ही झडप नसती तर वाचनशीर्ष झाले नसते. यांपैकी कशालाही नोबेल नाही, आणि लेखांतही जागा नाही.

उलट उदाहरणही सांगितले पाहिजे. १९७५ साली फ्रान्समध्ये मिशेल झ्युलिएर यांनी दोन चुंबकीय थरांमध्ये पातळ विसंवाहक घालून, त्यातून आरपार जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या प्रवाहात असाच बदल नोंदवला. तोही अतिशीत तापमानाला. पुढची वीस वर्षे त्यातून फारसे काही निघाले नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत जगदीश मुदेरा यांच्या आणि जपानमध्ये तेरुनोबु मियाझाकी यांच्या गटांनी नेहमीच्या तापमानाला तो परिणाम मिळवला. २००१ साली सिद्धांताने सुचवले की मॅग्नेशियम ऑक्साइडचा स्फटिकी थर वापरावा, आणि २००४ मध्ये तसे केल्यावर बदल २०० टक्क्यांच्या घरात गेला. म्हणजे एका शोधाला नऊ वर्षे पुरली, त्याच्या सख्ख्या भावाला तीस लागली. पहिलीच गोष्ट सांगून 'मूलभूत संशोधन लगेच फळते' असा निष्कर्ष काढणे शास्त्रीय नव्हे.

'तुमच्या संगणकातही हेच आहे' हे वाक्यही आता जपून वापरावे. हार्ड डिस्कमध्ये महाकाय चुंबकरोधाची जागा २००५ नंतर याच विसंवाहक थराच्या रचनेने घेतली. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये तर हार्ड डिस्कच नसते. तेथे फ्लॅश स्मृती असते, आणि ती माहिती साठवते विद्युतप्रभाराने! स्पिनची वाचनशीर्षे आज शोधायची ती मोठ्या माहिती-केंद्रांतल्या हार्ड डिस्कांत.

आश्वासने आणि अटी

२००१ साली 'सायन्स' साप्ताहिकात स्टुअर्ट वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आढावालेख आला. स्पिन इलेक्ट्रॉनिकीच्या बहुतेक लोकप्रिय आश्वासनांचा उगम तेथे सापडतो. वीज गेली तरी टिकणारी स्मृती, जास्त वेग, कमी ऊर्जाव्यय आणि अधिक दाट मांडणी, असे चार लाभ त्यात सांगितले होते. त्याच लेखाच्या सारांशात अटीही होत्या : अर्धसंवाहकात स्पिन कार्यक्षमतेने शिरवणे, वाहून नेणे, हाताळणे आणि ओळखणे हे प्रश्न सुटले पाहिजेत. लोकप्रिय लेखांनी आश्वासने उचलली आणि अटी तेथेच ठेवल्या.

आज त्या चार आश्वासनांना गुण द्यायचे झाले तर? पहिले पूर्ण झाले आहे; चुंबकीय स्मृतीच्या चिपा २००६ पासून बाजारात आहेत आणि वीज गेली तरी माहिती राखतात. वेगाचे म्हणाल, तर फ्लॅशपेक्षा त्या खूपच वेगवान आहेत, पण प्रक्रियकाजवळच्या सर्वांत चपळ स्मृतीची बरोबरी त्यांना अजून जड जाते. ऊर्जेबाबत स्वस्थ असताना बचत होते, लिहिताना मात्र खर्च येतो. स्पिनच्या बळावर चुंबक उलटवायला चौरस सेंटिमीटरला दहा लाख अँपिअरच्या घरातली प्रवाहघनता लागते. घरातल्या तारेत ती पाच-सहाशे अँपिअर असते. स्मृतिपेशी १०० नॅनोमीटर रुंदीची असल्याने प्रत्यक्ष प्रवाह ०.१ मिलिअँपिअरच्या आसपास राहतो, पण तो विद्युतप्रवाहच आहे आणि उष्णता निर्माण करतो. 'न तापणारी यंत्रे' हे वर्णन या उपकरणांना लागू नाही. दाटीच्या बाबतीत तर फ्लॅश कितीतरी पुढे आहे.

स्पिन ट्रान्झिस्टरची कथा अधिक बोलकी आहे. १९९० साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात सुप्रियो दत्ता आणि बिस्वजित दास यांनी एक रचना सुचवली. तिच्यात अर्धसंवाहकातून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा स्पिन विद्युतदाबाने वळवायचा होता. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात ट्रान्झिस्टर हा शब्दच नाही. त्यांनी त्याला प्रकाश नियंत्रित करणाऱ्या एका ज्ञात उपकरणाचे इलेक्ट्रॉनिक प्रतिरूप म्हटले होते. 'उद्याचा ट्रान्झिस्टर' हे नाव इतरांनी चिकटवले. अडचण कोठे आली हे आपल्या वरच्या मंडलावरूनच कळते. १ आणि १० ओहमच्या दोन मार्गांत प्रत्येकी १००० ओहमचा अर्धसंवाहक जोडा. आता रोध १००१ आणि १०१० ओहम. दोन जातींच्या प्रवाहांतला फरक एक टक्काही उरत नाही. २००० साली जर्मनीतील गेओर्ग श्मिट आणि सहकाऱ्यांनी हीच गोष्ट नेमकेपणाने मांडली, आणि मध्ये विसंवाहक थर घालण्याचा उपाय लवकरच पुढे आला. दत्ता-दास रचनेसारखे वर्तन दक्षिण कोरियातील गटाने २००९ मध्ये अतिशीत तापमानाला दाखवले. बाजारात असा ट्रान्झिस्टर नाही. हे अपयश मानायचे कारण नाही, कारण त्या कल्पनेने कितीतरी चांगले प्रश्न उभे केले. पण 'लवकरच येणार' हे वाक्य पस्तीस वर्षे चालू राहावे, हे बरे नव्हे.

रेडिओलहरींचे संवेदक

शेवटी त्या शेपटाकडे वळू. चुंबकाने रेडिओलहर ओळखण्याची कल्पना नवी नाही. अर्नेस्ट रदरफोर्ड यांनी १८९० च्या दशकात, किरणोत्सर्गाकडे वळण्यापूर्वी, रेडिओलहरींनी लोखंडी सुयांचे चुंबकत्व घटते याचा उपयोग करून लहरी टिपल्या होत्या. मार्कोनी यांचा १९०२ चा चुंबकीय शोधक त्याच तत्त्वाचा. दुसरा मार्ग होता स्फटिकाचा; जगदीशचंद्र बोस यांना गॅलिना-शोधकासाठी १९०४ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. पुढे स्फटिकच जिंकला. शाळेत क्रिस्टल रेडिओ बनवणाऱ्यांनी त्याचाच वंशज, जर्मेनियमचा डायोड, हाताळलेला असतो.

शंभर वर्षांनी चुंबक परत आला. चुंबकीय थर इलेक्ट्रॉनांचे स्पिन वळवतो. मग कोनीय संवेगाच्या अक्षय्यतेनुसार इलेक्ट्रॉनांनीही चुंबकाला वळवले पाहिजे. १९९६ साली स्लोन्चेव्स्की आणि बेर्जे यांनी स्वतंत्रपणे हे मांडले. २००५ मध्ये जपानमधील त्सुकुबा येथे अश्विन तुळापूरकर आणि सहकाऱ्यांनी त्यावरून 'स्पिन-बल डायोड' करून दाखवला. तुळापूरकर पुढे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. कल्पना सुंदर आहे. अतिलघू चुंबकाला स्वतःची डोलण्याची वारंवारता असते, साधारण काही गिगाहर्ट्झ. त्याच वारंवारतेचा प्रवाह आला की चुंबक अनुनादाने डोलतो, आणि त्याबरोबर उपकरणाचा रोधही. विद्युतदाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध. दोन्ही एकाच तालावर बदलत असतील, तर गुणाकाराची सरासरी शून्य होत नाही. Sine वर्गाची सरासरी अर्धी असते, तसेच. म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहातून एकदिश दाब मिळाला.

त्या पहिल्या डायोडची संवेदनक्षमता होती मिलिवॉटला १.४ मिलिव्होल्ट. २०१४ साली जपानमधील मिवा आणि सहकाऱ्यांनी १२,००० मिलिव्होल्टचा आकडा जाहीर केला; अर्धसंवाहक डायोडसाठी त्यांनी तुलनेला घेतलेला आकडा ३,८०० होता. 'स्पिनने अर्धसंवाहकावर मात केली' हा मथळा यातूनच येतो. काम निःसंशय उत्तम आहे. पण आकडा वाचायचा कसा? १२,००० मिलिव्होल्ट म्हणजे १२ व्होल्ट. एक मिलिवॉट दिल्यावर या उपकरणातून १२ व्होल्ट मिळणार नाहीत. त्याचा एक नॅनोमीटर जाडीचा विसंवाहक थर एक-दोन व्होल्टलाच फुटेल. हा आकडा फार क्षीण लहरींसाठीचा उतार आहे. एक नॅनोवॉट आत गेला तर १२ मायक्रोव्होल्ट बाहेर येतात. दुसरे असे, की तो मिळवण्यासाठी उपकरणातून बाहेरून सतत एकदिश प्रवाह सोडलेला होता. मूळ निबंधात हे स्पष्ट लिहिले आहे. ज्याला स्वतःलाच वीज पुरवावी लागते, त्याच्या आकड्यावरून 'बॅटरीची गरज उरणार नाही' असे म्हणता येत नाही. तिसरे, अनुनादामुळे उपकरण अरुंद पट्ट्यातच ऐकते. एखादी ठरावीक वारंवारता निवडायची असेल तर हा गुण आहे, सर्व बाजूंची ऊर्जा गोळा करायची असेल तर दोष.

वर्गात या विषयावरचे कात्रण आले, तर ते बाजूला टाकू नये. विद्यार्थ्यांना तीन गोष्टी शोधायला सांगाव्यात : दिलेला आकडा कोणत्या तापमानाला व कोणत्या क्षेत्रात मोजला, त्यासाठी बाहेरून काय पुरवावे लागले, आणि तुलना कशाशी केली. कात्रणात उत्तरे नसतील तर तसे वहीत लिहावे. सोबत वरचे दोन मंडलांचे गणित फळ्यावर करून घ्यावे, आणि १ व १० ऐवजी १ व २ ओहम घेतल्यास काय होते तेही पाहावे. रोधातला फरक तिपटीवरून सव्वा टक्क्यांच्या नव्हे, तर सुमारे साडेबारा टक्क्यांच्या वाढीवर येतो. प्रयोगशाळेत आमची बरीच वर्षे हा फरक वाढवण्यातच जातात, हे मुलांना त्या आकड्यांवरून सांगता येईल.